कसम एकदाच

माझे वडील पिंजारी होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यात गावोगाव फिरून ते गाद्या-उशा भरून देत. दुसऱ्याच्या झोपेची सोय करणारा हा माणूस स्वतः मात्र गोधडीवर झोपायचा. १९८७ च्या जानेवारीत मी फौजेत भरती होऊन नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला, म्हणजे तोफखान्याच्या प्रशिक्षण केंद्राला निघालो, तेव्हा अब्बांनी पगार विचारला नाही की सुट्टी विचारली नाही. त्यांनी विचारले, "सोने कू क्या देते रे वहाँ?"

अम्माचा प्रश्न वेगळा होता. "गोश्त हलाल का रहता क्या?" तिसरा प्रश्न मशिदीबाहेर भेटलेल्या बुजुर्गांचा, "नमाज पढने देते क्या?" आणि चौथा एका कचेरीत. चारित्र्याच्या दाखल्यासाठी गेलो होतो. साहेबांनी कागदावर सही केली, शिक्का मारला आणि पेनाला टोपण लावता लावता हसत विचारले, "काय रे, पाकिस्तानशी लढाई झाली तर काय करशील?"

मी अठरा वर्षांचा होतो. मला उत्तर सुचले नाही. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला पुढे कित्येक वर्षे वाटत राहिली.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मला प्रशिक्षणाच्या पहिल्या काही महिन्यांतच मिळाली. चौथ्याबद्दल मात्र आज, निवृत्त होऊन इतकी वर्षे झाल्यावर, लिहायला बसलो आहे.

नाशिकरोड स्टेशनवर उतरलो तेव्हा पहाट होती आणि नाशिकची जानेवारीतली थंडी हाडात शिरत होती. ट्रकने गेटच्या आत नेले. पहिल्या दिवशी आमची ओळख पुसली ती न्हाव्याने. कुणाचा अमिताभ बच्चनसारखा भांग होता, कुणाची वारकरी शेंडी, कुणाचे जावळ राखल्यासारखे केस. दहा मिनिटांत सगळे सारखे. फौजेत त्याला 'कटोरा कट' म्हणतात. आरशात पाहिले तर कान तेवढे माझे वाटले.

मग सामान मिळाले. काळी पत्र्याची ट्रंक, कांबळी, दरी, मच्छरदाणी, मग, थाळी, डांगरी, बूट. लोखंडी चारपाईवर काथ्याची गादी. पिंजाऱ्याच्या मुलाला ती गादी म्हणवेना. पण तिच्यावर झोपण्याचा प्रसंगच फारसा आला नाही. बिस्तरा असा लावायचा असे की कांबळ्याच्या घड्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या दिसाव्यात. सकाळी तो लावायला अर्धा तास जाई. एवढा वेळ कुणाकडे होता? म्हणून आम्ही बिस्तरा लावलेलाच ठेवून खाली दरीवर झोपायचो. अब्बांना मी पत्रात लिहिले, "गादी उत्तम आहे." ते खोटे नव्हते. गादी खरेच उत्तम स्थितीत होती.

पहाटे साडेचारला शिट्टी व्हायची. त्यानंतरचा दिवस आमचा नसे, शिट्टीचा असे. संडासची रांग, नळाची रांग, मग दाढी. दाढी असो वा नसो, वस्तरा रोज फिरवायचाच. उस्ताद फॉलिनमध्ये प्रत्येकासमोर थांबायचे आणि कापसाचा बोळा गालावरून फिरवायचे. बोळ्याचा एक तंतू अडकला तरी रगडा. रगडा म्हणजे शिक्षा. मैदानावर कोलांट्या, रायफल डोक्यावर धरून पळणे, कोपरांवर सरपटणे. जन्मभर कापसाने भाकरी दिली आणि इथे तोच कापूस माझी फिर्याद करायचा, याचे मला हसू यायचे. पण फॉलिनमध्ये हसले तर त्याचाही रगडा.

सहाच्या सुमारास पीटी. दौड, दोरावर चढणे, बीमवर अंग उचलणे, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करणे. खेड्यातून आलेल्या पोरांना दौडीचे काही वाटत नसे, पण दोराने आम्हाला रडवले. हाताची साले निघाली. मग चहा आणि पुऱ्या. तो चहा मगभर असे आणि आम्ही तो उभ्यानेच पीत असू. त्यानंतर ड्रिल. सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड, तेज चल, थम. ऐकताना सोपे वाटते. प्रत्यक्षात पंचेचाळीस जणांच्या टाचा एकाच आवाजात जमिनीवर आदळाव्या लागतात. एक टाच क्षणभर मागे राहिली तरी उस्तादांच्या कानाला ती कळायची. "कौन है वो? बारात में आया है क्या?"

दुपारी हत्याराचा तास. तेव्हा सात पॉइंट बासष्टची एसएलआर रायफल होती, साडेचार किलोच्या आसपास वजनाची. डोळे बांधून ती खोलायची आणि जोडायची. संध्याकाळी खेळ, मग फटीग, म्हणजे गवत काढणे, दगडांना चुना लावणे, लंगरमध्ये बटाटे सोलणे. रात्री हजेरी, बुटांना पॉलिश. नऊ-दहाला दिवे बंद. दिवे बंद झाल्यावर पाच मिनिटे बराकीत बारीक रडण्याचे आवाज यायचे. पहिल्या महिन्यात कुणी कुणाला विचारत नसे. दुसऱ्या महिन्यात आवाज थांबले.

'उस्ताद' या शब्दाबद्दल सांगायलाच हवे. फौजेत शिकवणाऱ्या हवालदाराला उस्ताद म्हणतात. तोवर मला एकच उस्ताद माहीत होते, मशिदीत अलिफ-बे शिकवणारे. त्यांच्याही हातात छडी होती. इथे आमचे उस्ताद राजस्थानातले जाट. कपाळाला रोज बारीक टिळा आणि तोंडात उर्दू शब्दांची रेलचेल. रंगरूट, हुकूम, शाबाश, कदमताल, हवालदार, सुभेदार, जमादार. बराकीतली सातारा-कोल्हापूरकडची पोरे पहिले काही दिवस गोंधळून जायची. मला मात्र घरात बोलल्यासारखे वाटायचे. आणि तोफखान्याचे बोधवाक्य तर पाटीवर ठळक लिहिलेले, 'सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल'. इंग्रजांच्या तोफखान्याच्या 'युबिक' या लॅटिन शब्दाचे 'सर्वत्र' झाले, आणि त्यापुढे मान आणि यश सांगणारे दोन शब्द आले ते आमच्या घरातले. एक संस्कृत, दोन अरबी, मधला 'ओ' फारसी. ही पाटी ज्याने लिहिली त्याला कुणी दाखला मागितला नसेल.

तोफ तरी माझ्यासाठी नवी कुठे होती? विजापूरच्या बुरुजावरची 'मलिक-ए-मैदान' तोफ १५४९ साली ओतली गेली ती आमच्या नगरात. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. नगरात आजही तोफखाना नावाचा मोहल्ला आहे. पानिपतावर १७६१ साली भाऊसाहेबांच्या तोफांची आणि गारद्यांची धुरा इब्राहिमखान गारद्याकडे होती. समोर अब्दाली होता, धर्माचा वास्ता होता, तरी तो हलला नाही आणि कैदेत मारला गेला. शाळेत हा धडा ऐकताना गुरुजींची नजर नेमकी माझ्याकडे वळायची. गुरुजींना कौतुक वाटत होते. मला मात्र वाटायचे, शिंदे-होळकरांचे नाव निघते तेव्हा ते वर्गातल्या शिंद्याकडे असे पाहत नाहीत.

आता अम्माचा प्रश्न. लंगरमध्ये मटणाचा वार ठरलेला असे. हलालची खात्री नव्हती म्हणून मी त्या दिवशी डाळ आणि भाजी घ्यायचो. माझ्यासारखाच आणखी एक जण ताट घेऊन बाजूला बसायचा, गडहिंग्लजकडचा लिंगायत मुलगा. त्याची चारपाई माझ्या शेजारी. तो मटण खात नव्हता त्याच्या कारणाने, मी माझ्या कारणाने. बाकीची पोरे नळ्या चोखत असताना आम्ही दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत डाळ ओरपायचो. एकदा तो म्हणाला, "तू तरी का छळ सोसतोस? तुमच्यात तर खातात की." मी त्याला हलालचे समजावून सांगितले. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे आपल्या दोघांच्या आयांनी मिळूनच ठरवलंय म्हण की." अम्माला मी हे पत्रात कळवले. तिने उत्तरात त्या मुलासाठी दुआ लिहवून घेतली.

याच मुलाने एका रात्री पॉलिश करता करता मला तो चौथा प्रश्न विचारला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरेच जाणून घ्यायचे होते. "खरं सांग, समोर तुमच्यातला आला तर तुझं बोट चालंल?" मी त्याला विचारले, "समोर लिंगायत चोर आला तर तुझं?" तो म्हणाला, "चोर तो चोर." मी म्हणालो, "मग?" त्याने बुटावर थुंकी टाकली आणि फडके फिरवत राहिला. पुन्हा त्याने कधी विचारले नाही. पुढे दौडीत माझी पिंडरी धरली की माझा पिट्टू तोच पाठीवर घ्यायचा.

नमाजचे उत्तर रमजानने दिले. त्या वर्षी रमजान एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला. नाशिक थंड हवेचे म्हणतात, पण मे महिन्यात परेड मैदानावरची हवा तव्यावरून आल्यासारखी असते. मी रोजा कुणाला न सांगता ठेवू लागलो. रात्रीच्या जेवणातल्या दोन चपात्या रुमालात बांधून ठेवायच्या, पहाटे अंधारात त्या पाण्याबरोबर गिळायच्या. सांगितले तर मनाई होईल अशी भीती होती. सांगायची लाजही होती. पाचव्या दिवशी दौडीत डोळ्यांपुढे काळे आले आणि मी पडलो.

शुद्धीवर आलो तेव्हा उस्ताद शेजारी उकिडवे बसले होते. हातात पाण्याची बाटली. मी तोंड फिरवले तेव्हा त्यांना उमगले. वाटले, आता रगडा. ते म्हणाले, "रोजा रखना है तो बता के रख. फौज में छुपा के कुछ नहीं होता. न बीमारी, न इबादत." त्यांनी प्लाटूनमधल्या आम्हा तिघा मुसलमान पोरांची नावे लिहून घेतली. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेतीनला लंगरचा भंडारी शिव्या देत आम्हाला पराठे आणि चहा देऊ लागला. दौडीतून मात्र सूट नव्हती. उस्तादांनी स्पष्ट सांगितले, "रोजा तेरा और ऊपरवाले का मामला है. दौड तेरा और मेरा." मला वाटते, यापेक्षा नीट कुणी मला हा विषय समजावलेला नाही. ना मशिदीत, ना सभा-संमेलनात.

पण त्याच रमजानमध्ये मेरठ पेटले. बराकीबाहेर एकाचा ट्रान्झिस्टर होता, बातम्या त्यावर यायच्या. संचारबंदी, जाळपोळ, मृतांचे आकडे. रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी, २२ मे १९८७ ला, हाशिमपुरा मोहल्ल्यातल्या पोरा-माणसांना उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलिसांनी, पीएसीने, ट्रकमध्ये भरून नेले आणि कालव्याकाठी गोळ्या घातल्या. त्या संध्याकाळी आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. ते पुढे हळूहळू कळले, आणि न्याय व्हायला तर २०१८ साल उजाडले. दिल्ली उच्च न्यायालयाने तेव्हा सोळा जणांना जन्मठेप दिली. पण दंगलीच्या बातम्या मात्र कानावर येत होत्या, आणि आम्ही तिघे इफ्तारचा खजूर तोंडात धरून एकमेकांकडे पाहत नव्हतो.

ईदची नमाज सेंटरमध्येच झाली. फौजेत मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च असतात, कित्येक ठिकाणी एकाच छपराखाली. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री यांचीही रीतसर भरती होते. नमाजनंतर दुपारपर्यंतची सुट्टी मिळाली आणि एका हवालदारांबरोबर आम्ही जुन्या नाशकात गेलो. घरचे कपडे ट्रंकेत बंद होते, म्हणून वर्दीतच. बडी दर्ग्यावर फातेहा पढलो. बाहेर आलो तर गल्लीतली मुले ओट्यांवरून उठून घरात पळाली.

क्षणभर मला कळलेच नाही. मागे पाहिले, कुणाला पाहून पळाली? मग ध्यानात आले, आम्हालाच.

एका घरातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. आमच्या छातीवरच्या नावाच्या पट्ट्या त्यांनी चष्मा वर करून वाचल्या. एक, दोन, तीन. मग आत ओरडून सांगितले, "अपने बच्चे हैं. शीरखुर्मा लाओ." आम्ही जमिनीवर बसलो. त्यांचे नातलग मालेगावात, मालेगावचे मूळ उत्तर प्रदेशात, तेव्हा मेरठची काळजी त्यांच्या घरातही होती. वाटी हातात देताना ते म्हणाले, "अजीब ईद है बेटा. उधर हमारे बच्चे वर्दी देख के भाग रहे, इधर वर्दी हमारे घर में शीरखुर्मा पी रही." आमचे हवालदार पंजाबातले सरदारजी होते. त्यांनी वाटी खाली ठेवली. १९८४ ला तीन वर्षेही झाली नव्हती. ते हळूच म्हणाले, "बाबाजी, ये हमको भी मालूम है." कुणीच काही बोलले नाही. म्हाताऱ्या गृहस्थांनी सरदारजींच्या वाटीत आणखी एक पळी घातली.

मी सतरा वर्षे फौजेत होतो. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या डोंगरांवर आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे आणि रॉकेट डागले, त्यांतले काही आमच्या तोफेचे. त्यातच माझा डावा कान कायमचा मंद झाला. पण वर्दी म्हटले की मला डोंगर आठवत नाही. ती गल्ली, ती पळणारी पोरे आणि सरदारजींची वाटी आठवते. वर्दी अंगात असलेल्या माणसावर तिचे किती ओझे असते ते मला त्या दिवशी कळले. ती नुसती देशाची इज्जत नसते. तिला पाहून लहान मूल पळते की थांबते, यावरून देशाची इज्जत ठरते.

पुढे आम्ही तोफेवर आलो. १०५ मिलिमीटरची भारतीय बनावटीची तोफ. तोफेवर माणसाला नाव नसते, नंबर असतो. नंबर एक तोफेचा प्रमुख, कुणी निशाणा धरतो, कुणी गोळा भरतो, कुणी दारू तयार करून देतो. एकाचा हात चुकला तर सगळ्यांच्या जिवावर बेतते. देवळालीच्या रेंजवर, बहुला किल्ल्याच्या डोंगराकडे तोंड करून आमच्या पहिल्या गोळ्याचा हुकूम सुटला तेव्हा उस्तादांनी सांगितल्याप्रमाणे मी तोंड उघडे ठेवले होते, कानांवर दाब येऊ नये म्हणून. गोळा सुटला आणि पायांखालची जमीन सरकली. गडहिंग्लजकर गोळे देत होता, मी भरत होतो. त्या घटकेला आमच्यात हिंदू-मुसलमान नव्हता, असे मी मोठ्या आवाजात म्हणणार नाही. तो विचार करायला वेळ नव्हता, एवढेच. पण रोज तासन्‌तास असा वेळ मिळू नये, हीही एक तालीमच असते.

वर्ष संपता संपता कसम परेड झाली. तोफा दुतर्फा मांडलेल्या, मध्ये तिरंगा. पंडितजी गीता घेऊन, ग्रंथीजी गुरू ग्रंथसाहिब घेऊन, पाद्री बायबल घेऊन आणि मौलवीसाहेब कुराण शरीफ घेऊन. प्रत्येकाने आपापल्या ग्रंथाला साक्षी ठेवून एकच कसम घ्यायची. संविधानाशी एकनिष्ठ राहीन. जमीन, पाणी, हवा, जिथून जिथे पाठवतील तिथे जाईन. जीव गेला तरी हुकूम पाळीन. ग्रंथ चार, कसम एक. अब्बा आले नव्हते. त्यांचा लग्नसराईचा हंगाम होता, गाद्यांची मागणी होती. मी कुराण शरीफवर हात ठेवला तेव्हा मला तो कचेरीतला साहेब आठवला. मनात म्हणालो, हे घ्या तुमचे उत्तर. आता पुन्हा विचारू नका.

पण विचारले. पुन्हा पुन्हा विचारले. निवृत्तीनंतर एका शहरात भाड्याचे घर बघत होतो. नाव ऐकून मालकांचा आवाज बदलला. माजी सैनिकाचे कार्ड दाखवल्यावर पुन्हा बदलला, गोड झाला. मी ते घर घेतले नाही. ज्या शेजाऱ्याकडे असे कार्ड नाही, त्याने काय दाखवायचे? आणि दुसऱ्या बाजूनेही विचारले. लग्नाच्या पंगतीत एक नातेवाईक सगळ्यांसमोर म्हणाले, "तू क्या, तू तो सरकार का आदमी." इकडे मी मुसलमान, तिकडे सरकारचा. दोघांनाही पुरावा हवा.

२००६ साली सच्चर समितीने फौजेकडे मुसलमानांचा आकडा मागितला तेव्हा मोठा वाद झाला होता. फौजेत अशी मोजणी करू नये, असे म्हणणारे होते. आकडा कळलाच नाही तर मागे कोण राहिले हे कसे समजणार, असे म्हणणारेही होते. मला दोन्ही पटत होते आणि आजही पटतात. तोफेवर नंबर एकला माझा धर्म ठाऊक असण्याची गरज नाही. पण भरतीच्या मैदानावर आमच्या मोहल्ल्यातून चार पोरेसुद्धा का येत नाहीत, हे कुणाला तरी ठाऊक असायला हवे. आपल्यालाही. दहावीच्या आत शाळा सुटते, पहाटे धावणारे कुणी नसते, आणि घरात कुणीतरी म्हणते की आपल्याला कोण घेतो. ही भीती काही अंशी खरी आहे, आणि काही अंशी ती न धावण्याची सबब आहे. दोन्ही म्हणायचे धाडस आपण करायला हवे.

आपण भाषणांत परमवीर अब्दुल हमीद यांचे नाव घेतो. १९६५ च्या १० सप्टेंबरला खेमकरणच्या आघाडीवर जीपवरच्या तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडताना ते शहीद झाले. ब्रिगेडियर उस्मानांचे नाव घेतो, ते १९४८ मध्ये झांगरला पडले. त्यांच्यापुढे मान झुकतेच. पण मला एक सांगावेसे वाटते. मुसलमान सैनिकाचे नाव नेहमी मरणानंतरच का निघते? जो सतरा वर्षे दगडांना चुना लावत, बटाटे सोलत, गोळे भरत राहिला आणि गुडघेदुखी घेऊन घरी आला, त्याची निष्ठा अर्धीच धरायची का? शिंद्याचा मुलगा जिवंत परतला तरी त्याचे चालते.

२०२३ च्या पावसाळ्यात मी पुन्हा त्या मैदानावर गेलो. माझ्या बहिणीच्या मुलीचा मुलगा अग्निवीर म्हणून त्याच सेंटरला लागला होता. भरतीपूर्वी त्याने हौसेने राखलेली बारीक दाढी काढली तेव्हा घरात कुरबुर झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाच्या दाढीच्या प्रकरणात दलाच्या नियमाच्या बाजूने निकाल दिला होता, हे कुणीतरी घरात वाचून दाखवले. मी एवढेच म्हणालो, "कापसाचा बोळा अजून फिरवतात का, ते त्याला विचारा." तो सुट्टीवर आला तेव्हा हसून म्हणाला, "नाना, आता नुसता हात फिरवतात."

परेड सुरू झाली. त्याच तोफा, तोच तिरंगा. मौलवीसाहेब वेगळे, कुराण शरीफ तेच. कसम सुरू झाली आणि मला काही ऐकू येईना. डावा कान मंद, वाराही उलटा. मी फक्त त्या पोरांचे ओठ हलताना पाहत होतो. पण शब्द न शब्द कळत होता.

संध्याकाळी तो भेटायला आला. बूट चमकत होते, हाताची साले निघालेली होती. चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीसच कायम होतात, बाकीचे पैसे घेऊन घरी येतात, ही काळजी त्याच्या मनात होती. तो म्हणाला, "नाना, चार वर्षांनी मला काढलं, तर कसम पण संपते का?"

मी म्हणालो, "नाही. नोकरी संपते. कसम एकदाच घ्यायची असते, ती संपत नाही. आणि एकदा घेतली की ती पुन्हा मागायचा हक्क कुणालाच नसतो. ना साहेबांना, ना घरमालकाला, ना पंगतीतल्या नातेवाइकाला. कुणी मागितलीच, तर माझ्यासारखा हसू नको."

"मग काय करू?"

"सरळ उभा राहा. सावधान."

तो माझ्यासमोर खरेच सावधान उभा राहिला. टाचा एकाच आवाजात आदळल्या. तो आवाज मला नीट ऐकू आला.

निघताना मी त्याला एकच विचारले. अब्बा आज असते तर त्यांनीही तेच विचारले असते. "सोने कू क्या देते रे?"

तो म्हणाला, "गादी आहे नाना. पण आम्ही खालीच झोपतो. बिस्तरा बिघडतो ना."